छबूबाईनं आणलेला निरोप

छबूबाईला आमच्या चाळीतली पोरं 'फितूर' म्हणायची. तोंडावर न्हाई, पाठीमागनं. डोक्यावर मेथीच्या जुड्यांची पाटी घेऊन ती चिंचवड स्टेशनामागच्या आमच्या चाळीतनं निघाली, की नळापाशी खेळणारी शेंबडी कार्टी एकमेकांना कोपर मारायची, आन् ती वळणापलीकडं गेली की ओरडायची. ही कार्टी बहुतेक इथंच जन्मलेली. साताऱ्याकडचं आमचं जांभळदरा त्यांनी कवा डोळ्यानं बघितलं न्हाई, साहेबाचं राज्य बघितलं न्हाई. पर फितूर कोण, हे त्यांना तोंडपाठ. आईबापांनीच शिकवलेलं. एकदा मी एकाच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. त्याची आई बाहेर आली. मला वाटलं, आता भांडणार. तर म्हणते कशी, "सोजराबाई, तिच्यासाठी तुमचा जीव तुटतो. लई मोठं मन बघा तुमचं." मेल्याहून मेल्यागत झालं मला.

सांगते. समदं सांगते, मधी बोलू नका. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, आन् त्या रागापायीच हे सारं झालं.

छबूबाई म्हणजे उंच, काळीसावळी, हाडापेरानं दणकट बाई. बोलणं मोजकं. सकाळी नदी ओलांडून पिंपळे सौदागरच्या मळ्यात जायची, भाजी खुडायची, जुड्या बांधायची आन् दुपारी स्टेशनाच्या फाटकापाशी विकायला बसायची. तिच्या जुडीत कवा पिवळं पान सापडलं न्हाई. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तर ती गप बसून राहायची, आन् गिऱ्हाईकच ओशाळं व्हऊन जुडी उचलायचं. नवरा भैरू गावातल्या लोकांनी बोलणं टाकलं त्याच धसक्यानं खचला, आन् इथं आल्यावर दोन वर्षांत गेला. मागं एकच पोरगी, इंदू. नाकीडोळी नीटस, शिवणकाम करायची. आईबरोबर मात्र कुठं जायची न्हाई. बाजारात आई एका बाजूनं तर ही दुसऱ्या.

आता मागचं ऐका.

लढाईचा काळ. बेचाळीसची चळवळ झाली, आन् आमच्या भागातली तरणी पोरं डोंगरात शिरली. साहेबाला लढाईसाठी माणूस पायजे, धान्य पायजे, आन् ही पोरं तारा तोडायची, चावड्यांतली दप्तरं जाळायची. मग काय, हत्यारी पोलिसांनी आमच्या गावात तळच ठोकला. चावडी त्यांची, देवळाचा मंडप त्यांचा, विहिरीवर त्यांची घोडी. आमच्याच गावात आमी चोरागत वावरायचो. अंगणात दोन माणसं बोलत उभी राहिली तर काठी बसायची. वरीसभर असं चाललं. कवा पाच-दहा असायचे, कवा रातोरात आणखी येऊन भरायचे.

आमचा भिमाजी त्या डोंगरातल्या पोरांपैकी. नात्यानं मला दीर लागायचा, चुलत घरातला. आमचं घर गावाच्या पार शेवटी, मागं परस, परसामागं ओढा आन् ओढ्यात करवंदीची जाळी. भिमाजी रात्री त्या जाळीत येऊन थांबायचा. पहाटं आमच्या घरातनं जात्याची घरघर ऐकू आली, की समजायचं, रान मोकळं हाय. मग तो परसदारी यायचा, मी भाकरी-कोरड्यास द्यायची, आन् उजाडायच्या आत तो डोंगरात. जातं गप असलं, की यायचं न्हाई. एवढी साधी खूण. पहाटं बाई दळायला बसली तर कुणाला संशय येतोय? दळण तर घरोघरी.

आन् रान मोकळं हाय का न्हाई, हे मला कोण सांगायचं? छबूबाई. तिचं घर चावडीला लागून. पोलिसांनी दरडावून तिला भाकरी थापायला लावलं व्हतं. किती पीठ मळायचं यावरनं तिला कळायचं, आज किती जणं आलेत. जास्ती आले, की संध्याकाळी ती विरजण मागायचं निमित्त करून आमच्या परसदारी यायची. "सोजरे, उद्या जातं गप ठेव." एवढंच बोलायची आन् जायची. ही गोष्ट आमा तिघांनाच ठाव. मी, छबूबाई, भिमाजी. माझे मालक ज्योतीराम तवा देहूरोडच्या लष्करी डेपोत हमालीला, गावात नव्हतेच. आन् सासूला सांगायची सोय नव्हती. तिच्या पोटात तीळ भिजायचा न्हाई.

तर सासूला दिसायचं काय? सून आठवड्यातनं दोन-तीन दिवस पहाटं उठतच न्हाई. "उजाडलं तरी महाराणी अंथरुणात." "आमच्या वक्ताला तांबडं फुटायच्या आत पायली दळून व्हायची." मी ऐकून घ्यायची. मी! माझ्यासारखी तिखट बाई तोंडात मूग गिळून बसायची. वरीसभर बसले. त्याचा मला मोठा ताठा बी व्हता, खोटं कशाला बोलू. मनात म्हणायची, म्हातारे, तुला काय कळतंय मी कुणाची चाकरी करतेय ते.

मार्गशीर्षातली गोष्ट. माझा थोरला भाऊ मला बघायला आला. बैलगाडीनं, वाकुर्डीहून, दोन दिवसांचा प्रवास करून. संध्याकाळी छबूबाई परसदारी आली. हातात वाटी. म्हणाली, "सोजरे, जातं गप ठेव. आज लई आलेत. पीठ दुप्पट मळलं." मी व्हय म्हणाले. वाटीत विरजण घातलं. ती गेली.

आन् रात्री जेवायच्या वक्ताला सासूनं भावासमोर तोंड सोडलं. "पाव्हणं, तुमच्या बहिणीला आईनं काय शिकवून धाडलंय? आमच्या जात्याला बुरशी आली बघा." माझ्या भावाची मान खाली. हातातला घास तसाच ताटात ठेवला त्यानं. आमची आई मी लहान असतानाच गेली व्हती, याच भावानं मला वाढवलं. माझ्या डोळ्यापुढं लाल झालं. रात्रभर झोप न्हाई. आईवर गेली! माझ्या मेलेल्या आईवर गेली!

पहाटं उठले आन् जात्याला बसले.

आठवलं न्हाई असं न्हाई. लोकांना मी पुढं तेच सांगितलं असतं, पर तुमाला खरं सांगते, आठवलं व्हतं. खुंट्याला हात लावला तवा छबूबाईचा शब्द कानात व्हता. मनात आलं, आज काय भिमाजी यायचाच न्हाई. रोज थोडाच येतो? दोन मुठी दळते, भाऊ जागा होऊस्तवर. नुसतं दळले न्हाई. ओवी बी म्हणाले, मोठ्यानं, सासूला ऐकू जाईल अशी.

"माझ्या भावाच्या गाडीला, घुंगराची बैलजोडी
सासूबाईच्या बोलाला, न्हाई साखरंची गोडी"

लई बरं वाटलं. गळा मोकळा सोडला. तिसरी ओवी चालू व्हती, आन् परसदारी धप्पकन आवाज झाला. भिमाजी आला व्हता. दोन पावलं बी आत पडली न्हाईत त्याची. पोलीस ओढ्याच्या अंगानं गस्तीला व्हते, त्यांनी मागनं झडप घातली.  भिमाजीनं मान वळवून बघितलं. तोंड रक्तानं भरलेलं, आन् नजर माझ्या जात्याकडं.

दळणारी बाई म्हणून माझ्याकडं पोलिसांनी बघितलं बी न्हाई. चावडीपुढं बांधून मारला त्याला. मग नेला. आठ महिन्यांनी तुरुंगातनं सांगावा आला, हगवणीनं गेला म्हणून. पंचवीस वर्षांचं पोर.

धरला त्याच्या तिसऱ्या दिवशी, पोलीस पार्टी दुसऱ्या गावाला गेली तशी मारुतीच्या देवळात गाव बसलं. फितूर कोण? समद्यांच्या नजरा छबूबाईवर. भाकरी कोण थापत व्हतं? चावडीत कोण जात व्हतं? छबूबाई उभी राहिली. भ्याली न्हाई. म्हणाली, "म्या निरोप दिला व्हता. सोजरीला विचारा. संध्याकाळी परसदारी जाऊन सांगितलं, जातं गप ठेव."

समदं देऊळ माझ्याकडं वळलं. भाऊ अजून गावातच व्हता, खांबाला टेकून उभा. सासू व्हती. भिमाजीची आई व्हती, पदर तोंडात कोंबून.

मी म्हणाले, "मला कुणी काय सांगितलं न्हाई."

एवढंच. पाच शब्द. छबूबाईनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता झिंज्या धरंल. तिनं एकदाच विचारलं, "न्हाई सांगितलं?" मी म्हणाले, "न्हाई." सासूनं वर पुस्ती जोडली, "आमच्या घरी कुणी काळं कुत्रं आलं न्हाई त्या सांजच्याला." म्हातारी खरंच आत भाकरी करत बसली व्हती, तिला काय ठाव. पर तिची साक्ष पक्की धरली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती तिथं झाली. छबूबाईच्या दारावर कुणीतरी शेण फेकलं. विस्तव बंद, पाणवठ्यावर वेगळा घडा, लग्नकार्याला बोलावणं बंद. पाच वर्सं काढली तिनं तशी, मग उचलला संसार आन् आली चिंचवडला. मी? मी भूमिगतांना जेवू घालणारी सोजरा झाले. भिमाजीची आई माझा हात धरून रडायची. मी धरू द्यायची.

पंचावन्न साली पिंपरीत औषधांची कंपनी निघाली, तिथं मालकांना काम लागलं, आन् आमी बी आलो. जांभळदऱ्याची पंचवीस-तीस घरं त्या चाळीत आधीच. पहिल्या दिवशी कळशी घेऊन नळावर गेले तर रांगेत पुढं छबूबाई.  तिनं आपली बादली बाजूला सरकवली, म्हणाली, "भर सोजरे." भरली मी.  त्यापेक्षा तिनं तिथंच शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता इथं आमच्या लोकांनी काय काढलं, तर मंडळ. लक्ष्मणराव अध्यक्ष, कंपनीत मुकादम, आवाज खणखणीत. दर मार्गशीर्षात, भिमाजी धरला त्या दिवशी, चाळीपुढच्या पटांगणात कार्यक्रम. भिमाजीचं चित्र, हार, भाषण. गावाकडनं कुणीतरी जातं आणलं, त्याला हळदकुंकू लावून पाटावर ठेवायचे. मग मला पुढं बोलवायचे. मी बसायची, मूठभर जोंधळा घालून दोन वेढे द्यायची, आयाबाया माझी ओटी भरायच्या. इथं जन्मलेली पोरं नाटुकलं करायची. एक भिमाजी, चार पोलीस, एक छबूबाई. छबूबाईचं काम करायला कुणी तयार नसायचं, रडायची पोरं. खऱ्या छबूबाईची खोली पटांगणाला लागून. दार लावून आत बसायची ती. सगळं ऐकू जात असणार. दोन वर्सं मी त्या जात्यापुढं बसले. जनाची न्हाई तर न्हाई, मनाची तरी असावी, ती बी नव्हती मला.

तिसऱ्या वर्षी, सत्तावन्न साली, कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मारुतराव म्हणून एक गृहस्थ दारात आले. कऱ्हाडकडचे, भोसरीला राहायचे, पोरगा फिटर. इंदूला बघून गेले व्हते, मुलगी पसंत. पर घराण्याची चौकशी केली, तर लक्ष्मणरावांनी सांगितलं, फितुराचं घर हाय, वाटल्यास सोजराबाईंना विचारा, त्या पहाटंची साक्ष त्याच.

मारुतराव भला माणूस. खाट दिली तिच्यावर बसले, टोपी मांडीवर. म्हणाले, "बाई, पोरगी गुणाची दिसतीया. माझी बी इच्छा हाय. पर आमची भावकी मोठी. तुमी एक शब्द सांगा, आईनं फितुरी केली का न्हाई? तुमी न्हाई म्हणालात, तर उद्या सुपारी फोडतो."

एक शब्द. न्हाई म्हणायचं व्हतं. आतनं मालक कान देऊन ऐकत हाईत हे मला दिसत व्हतं. त्यांना बी ठाव नव्हतं ना!  शेवटी म्हणाले, "दादा, चार दिवस थांबा. कार्यक्रमाला या. समद्यांसमोर सांगते." मारुतराव मान हलवून गेले. मला वाटलं, चला, आता सुटका न्हाई. तोंडानंच स्वतःला बांधून घेतलंय. ते चार दिवस अन्न गोड लागलं न्हाई. मालकांना कोऱ्या चहात मीठ घालून दिलं.

कार्यक्रमाचा दिवस. दुपारी तीनची वेळ, पहिली शिफ्ट सुटून माणसं आलेली. मारुतराव खुर्चीवर. लक्ष्मणराव म्हणाले, "आता आपल्या सोजराबाई." मी जात्यापाशी गेले. बसले न्हाई. उभ्यानंच सांगितलं. विरजणाची वाटी, छबूबाईचा निरोप, सासूचं बोलणं, माझा राग, ओवी. सारं. देवळात मी खोटं बोलले ते बी.  म्हणाले, "फितूर ती बिचारी नव्हं. भिमाजी माझ्यापायी गेला. काय शेण घालायचं ते माझ्या तोंडात घाला."

 मला वाटलं, आता दगड येतील. येऊ देत, म्हटलं, एकदा डोकं फुटू दे.

लक्ष्मणरावांनी डोळे पुसले. खरंच पुसले! आन् गर्दीकडं वळून म्हणाले, "बघितलंत? ह्याला म्हणायचं मन. बिनबापाच्या पोरीचं लग्न मोडू नये, म्हणून ही माउली दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घेतीया." टाळ्या! अहो, टाळ्या! मी ओरडले, "मी खरं बोलतेय, लक्ष्मणराव!" तर बायका पुढं आल्या, कुणी माझं तोंड कुरवाळतंय, कुणी नारळ ओटीत घालतंय. मालक माझ्याकडं बघत व्हते. त्यांच्या डोळ्यात एवढं कौतुक मी लग्नात बी बघितलं नव्हतं.

मी गर्दीतनं वाट काढत मारुतरावांकडं गेले. ते उठून उभे राहिले, हात जोडले. "बाई, धन्य हाय तुमची. पर अशानं मला फसवू नका. उद्या भावकीला काय सांगू?" टोपी घातली आन् गेले. मी त्यांच्या मागं फाटकापर्यंत गेले, देवाची आण घातली. त्यांनी वळून बघितलं न्हाई.

तशीच छबूबाईच्या दारात गेले. दार आतनं लावलेलं. वाजवलं. इंदूनं उघडलं. छबूबाई खाली बसून मेथीच्या जुड्या बांधत व्हती. मान वर न करता म्हणाली, "ऐकलं म्या."

"छबू, मी सांगितलं गं. ते मानंनात."

"मारुतराव?"

"गेले."

तिच्या हातातला दोरा थांबला. मग पुन्हा चालू झाला. जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "जाऊ दे. मंडळाला सांगितलंस, पाव्हण्याला सांगितलंस. आता हिला सांग."

"कुणाला?"

"माझ्या पोरीला. तिला बी वाटतं म्याच केलं. तिला एकदा पटलं ना, तर बाकीचं मला काय बी नको."

 चौदा वर्सं मी गाव, मंडळ, पाणवठा ह्याचाच हिशेब धरत व्हते. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, की त्या पाच वर्षांच्या पोरीनं बी ते देवळातलं ऐकलं असंल आन् खरं मानलं असंल. मी इंदूला समोर बसवलं. पुन्हा पहिल्यापासनं सांगितलं. काय लपवलं न्हाई. तिच्या आईनं देवळात मला विचारलं, आन् मी दोनदा न्हाई म्हणाले, ते सांगताना मला हुंदका आवरंना. इंदू खाली मान घालून ऐकत व्हती. तिचे बी डोळे भरले. मी मनात म्हणाले, देवा, पटलं. एकीला तरी पटलं.

इंदू उठली. वाकली, आन् माझ्या पायावर डोकं ठेवलं.

"मावशी, आमच्या आईसाठी एवढं कुणी केलं न्हाई," ती म्हणाली. "तिनं तुमचं एवढं वाईट केलं, तुमच्या दारातला माणूस नेला, तरी तुमी तिचं पाप घेतलंत. मी जन्मभर इसरायची न्हाई."

मी पाय मागं ओढले. दोन्ही दंड धरून तिला गदागदा हलवलं. "अगं खुळे, मी केलं! मी! तुझी आई न्हाई!" ती रडत रडत हसली आन् माझे डोळे पुसायला लागली.

छबूबाई आमच्या दोघींकडं बघत व्हती. रागानं न्हाई. दमून. म्हणाली, "तेच खरं म्या सांगितलं तर माझ्या दारावर शेण. तू सांगितलंस तर तुझ्या ओटीत नारळ. जा आता, सोजरे. उगं किती वेळा सांगशील."

मला उठताच येईना. इंदूनं चूल पेटवली, चहा टाकला, आन् पहिली कपबशी माझ्या हातात दिली.